साताऱ्याच्या डोंगरकडेची कच्ची वाट : "ट्रॅक्टर जातो का?" हे आधी विचारा

प्रश्न असा आला आहे : "मी सांगलीत राहते. हायब्रिड सायकल आहे, ३५ मिलिमीटरचे टायर आहेत. डांबरीवर साठ-सत्तर किलोमीटर आरामात होतात. आता साताऱ्याच्या बाजूला, डोंगर आणि जंगलाच्या कडेकडेनं, शक्यतो कच्च्या रस्त्यानं दोन दिवस चालवायची आहे. फोनच्या नकाशावर वाटांचं नुसतं जाळं दिसतं. त्यातली कुठली धरू, कधी जाऊ, आणि त्यासाठी कच्च्या रस्त्यासाठीची ग्रॅव्हल बाईक घ्यावीच लागेल का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. सायकल नवी घेऊ नका. तुमच्या हायब्रिडला पुढे तीन चेनरिंग, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकत्या, असतील, त्यातली सगळ्यात लहान २८ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी चकती ३४ दातांची असेल, तर या वाटेवरचा बोरणे घाट चढायला तुमच्याकडे कित्येक महागड्या ग्रॅव्हल बाईकपेक्षा हलका गिअर आहे. बदलायचे ते फक्त टायर. फ्रेम आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा चिमटा) दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा उरत असेल तर ४० चे टायर बसवा. बसत नसतील तर आहेत त्या ३५ वरही हा प्रवास होतो, उतारावर वेग थोडा आवरावा लागतो इतकंच. हवेचं मात्र मनावर घ्या. डांबरीवरची सवय म्हणून सत्तर पीएसआय भराल तर मुरुमावर सायकल उड्या मारत राहील, चाक जमीन धरणार नाही. वजन साठ-पासष्ट किलो असेल तर ४० च्या टायरला ट्यूब असताना मागे पंचेचाळीस, पुढे चाळीस पीएसआय पुरे. ट्यूबलेस असेल तर पाचेक पीएसआय अजून कमी चालतात. आमच्याकडे बाभळीचे काटे फार आहेत. ट्यूब वापरणार असाल तर दोन जादा ट्यूब, ठिगळं आणि पंप हवाच.

आता नकाशाचं. ते जाळं खरं आहे, पण त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे रस्ता नव्हे. बरीच वर्षं झाली, मी बामणोलीच्या बाजूला फोनवरची एक बारीक रेघ धरून उतरत होतो. दोन वळणं गेल्यावर शेळ्या घेऊन येणाऱ्या एका आजींनी हात करून थांबवलं. "पावनं, फुडं वाट न्हाई. पान्यात गेलीया." खरोखरच शंभर पावलांवर कोयनेचा शिवसागर जलाशय होता. कोयना धरण झालं तेव्हा जावळी आणि पाटण तालुक्यांतली गावं बुडाली, त्यांच्याबरोबर त्यांच्या गाडीवाटाही बुडाल्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्यांतल्या काही उघड्या पडतात, आणि वरून घेतलेल्या छायाचित्रात त्या चांगल्या रुंद दिसतात. नकाशा बनवणाऱ्याचा दोष नाही. मे महिन्यात ती वाट असते, नोव्हेंबरात तिथे पाणी असतं.

त्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारायला शिकलो. "रस्ता चांगला आहे का?" असं विचारू नका, कारण गावच्या माणसाला त्याचा रस्ता चांगलाच वाटतो, आणि रोज पायी जाणाऱ्याचं चांगलं वेगळं असतं. "तिकडं ट्रॅक्टर जातो का?" असं विचारा. एसटी जाते असं उत्तर आलं तर पुढे डांबर आहे. ट्रॅक्टर जातो म्हणाले तर तो तुमचा रस्ता. चढ ट्रॅक्टरला झेपणारा असतो, ओढ्यावर काहीतरी मोरी किंवा फरशी असते, दोन चाकोऱ्यांपैकी एक तरी दाबून घट्ट झालेली असते. गुरं जातात, माणसं जातात असं म्हणाले तर सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा किंवा मागे फिरा. लगेच पुढचा प्रश्न, "आत्ता जातो का?" कारण पावसानं मोरी वाहून गेली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती तशीच राहते.

दुसरी गोष्ट जमिनीची. माझ्या मते आपल्याकडे दोन दिवसांचा मार्ग आखताना अंतर आणि चढ यांच्याआधी हीच पाहायला हवी. सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास, आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या घरात. शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात एवढा फरक. त्यामुळे एकाच दिवसात तुमच्या चाकाखालची जमीन तीन-चार वेळा बदलते, आणि प्रत्येक जमीन वेगळी वागते.

वर सड्यावर जांभा. आपल्या डोंगरांचं अंग काळ्या दगडाचं आहे, पण कास, चाळकेवाडी, पाचगणीचं टेबललँड अशा उंच सपाट माथ्यांवर जांभ्याची टोपी बसलेली आहे. कोरडा जांभा सायकलला फार प्रेमानं धरतो, खरखरीत कागदावर चालवल्यासारखं वाटतं. तोच जांभा पावसाळ्यात शेवाळ धरतो आणि मग त्यावर ब्रेक लावणं म्हणजे पडणंच. जांभा सच्छिद्र असल्यामुळे वर पडलेलं पाणी तो आत मुरवतो, आणि ते खाली, जिथे जांभा संपून काळा दगड सुरू होतो तिथे, झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. म्हणून सड्यावर डिसेंबरनंतर मैलभर पाणी दिसत नाही, आणि वाड्या-वस्त्या बहुधा सड्याच्या कडेखाली, झऱ्याला धरून असतात. हे एकदा लक्षात आलं की पाणी कुठे मिळेल याचा अंदाज आपोआप येतो. सड्याच्या मधोमध शोधत फिरू नका, कडेला या आणि खाली पहिली झाडी कुठे दिसते ते बघा.

त्याखाली उतारावर मुरूम. रोलर फिरवून बसवलेला मुरूम म्हणजे आपल्याकडचं खरं ग्रॅव्हल, यासाठीच घर सोडायचं. दिवाळीच्या सुमारास तो थोडा ओलसर आणि घट्ट असतो. मार्चपर्यंत वाहनांनी तो सुटतो, वळणांवर बाजूला त्याचे ढीग साचतात आणि तिथे पुढचं चाक घसरतं. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना वेग कमी करा. वळणात शिरल्यावर पुढच्या ब्रेकला हात लावू नका.

खडीकरण झालेला पण डांबर न पडलेला रस्ता टाळता येईल तेवढा टाळा. मुठीएवढ्या, ताज्या फोडलेल्या, धारदार खडीवर टायरची बाजूची भिंत चिरते, आणि ती चीर सीलंटनं (ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवायला घालतात तो द्रव) भरत नाही. असा रस्ता अचानक समोर आला तर उतरा आणि ढकलत न्या, लाज वाटू देऊ नका. टायरच्या आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा मी कायम जवळ ठेवतो. त्यानं मला दोनदा घरी आणलंय.

आणि काळी माती. ही तुम्हाला सांगलीत जास्त भेटेल. जूनच्या पहिल्या सरीनंतर मी ताकारी योजनेच्या कालव्याकडेनं चाललो होतो. दोनशे मीटरांत दोन्ही चाकं चिखलानं फ्रेम आणि फोर्कमध्ये अडकली. मी जोर लावून पायडल मारलं, आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्यावर टांगलेला असतो तो हँगर तुटून डिरेलर चाकात गेला. दोष पूर्ण माझा होता. चाक जड झालं की थांबायचं, माती काढायची, आणि उचलून गवतावर जायचं, हे मला ठाऊक होतं तरी घाई केली. हँगर ही छोटी वस्तू आहे, पण प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. तुमच्या सायकलचा एक जादा हँगर आजच मागवून ठेवा.

आता मार्ग. तुम्ही सांगलीच्या आहात म्हणून असा सुचवतो की जाताना रेल्वेनं साताऱ्याला उतरायचं आणि परतताना कराडला चढायचं, म्हणजे तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवावी लागते. कुठल्या गाडीला ते जमेल हे आदल्या दिवशी सांगली स्टेशनवर जाऊन विचारा. सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे, तेवढा वेळ हिशेबात धरा.

पहिल्या दिवशी साताऱ्यातून बोगद्यानं बाहेर पडा. अजिंक्यताऱ्याच्या अंगातला हा बोगदा ओलांडला की शहर मागे राहतं आणि समोर उरमोडीचं खोरं येतं. गजवडीपर्यंत डांबर, चढ-उतार सौम्य. उजव्या हाताला सज्जनगड दिसत राहतो. समर्थांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं असेल तर गडाचा फाटा घ्या, पण मग दीड-दोन तास आणि एक जादा चढ धरा. मी स्वतः लांबच्या दिवशी खालूनच नमस्कार करतो. पुढे बोरणे घाट. हा खरा चढ. डांबरी आहे, पण अरुंद, आणि शनिवार-रविवारी ठोसेघरच्या धबधब्याला जाणाऱ्या गाड्या असतात. सकाळी आठच्या आत घाट संपवा. बसून, हलक्या गिअरवर, श्वास न फुलवता चढा. ठोसेघरला चहा, पोहे, पाणी सगळं मिळतं. पाण्याच्या सगळ्या बाटल्या इथे भरून घ्या, तीन लिटर जवळ हवंच.

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी, आणि तिथे पवनचक्क्यांचं पठार सुरू होतं. साताऱ्यापेक्षा चारशे-साडेचारशे मीटर वर, चारी बाजूंनी उघडं. तुमचा प्रवास खऱ्या अर्थानं इथे सुरू होतो. पवनचक्की उभी करायची तर अवजड पाती आणि क्रेन वर आणावी लागते, म्हणून या पठारावर प्रत्येक चक्कीपर्यंत रुंद, कमी चढाचे, मुरूम-जांभ्याचे रस्ते काढलेले आहेत. ते सायकलसाठी काढलेले नाहीत, पण सायकलला याहून चांगले मला सातारा जिल्ह्यात कुठे मिळालेले नाहीत. एक सांगतो, यातले पुष्कळ रस्ते एका चक्कीपाशी जाऊन संपतात. मुख्य रस्ता कुठला हे चाकोरीवरून ओळखा. ज्यावर दुचाकींच्या आणि जीपच्या ताज्या खुणा आहेत तो पुढे गावाला जातो. फाटक किंवा साखळी असेल तर पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. नीट विचारलं तर ते स्वतः वाट सांगतात. बहुतेक जण आसपासच्याच वाड्यांतले असतात आणि त्यांना तिथला प्रत्येक दगड माहीत असतो.

मुक्काम ठोसेघर-चाळकेवाडीच्या परिसरात करा. घरगुती सोय आधी फोन करून ठरवा, तिथे जाऊन शोधू नका. पहिला दिवस पस्तीस-चाळीस किलोमीटरचाच ठेवतोय ते मुद्दाम. डांबरीवरचे सत्तर म्हणजे कच्च्यावरचे सत्तर नव्हेत. हात, खांदे आणि मनगटं इथे पायांपेक्षा आधी थकतात. कच्च्या रस्त्याचा एक किलोमीटर डांबरीच्या दीड किलोमीटरएवढा धरला तर हिशेब चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी चाळकेवाडीहून वनकुसवडे पठार आणि तिथून घाटानं पाटण. पठारावरचा भाग सकाळी करा. नोव्हेंबर-डिसेंबरात वारा मंद असतो, पण शेवटी पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आडवा वारा सुटला तर सायकल चाकोरीतून ढकलली जाते, अशा वेळी शरीर खाली झुकवा आणि हँडल सैल धरा. घट्ट धरलेलं हँडल प्रत्येक झोत थेट पुढच्या चाकाला देतं. पाटणकडचा उतार पाचशे मीटरहून जास्त आहे. तुमच्या सायकलला रिमवर घासणारे ब्रेक असतील तर दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमला हात जवळ नेऊन बघा, तापली असेल तर गार होऊ द्या. डिस्क असेल तर निघण्याआधी पॅड बघा. पॅडवर दीड मिलिमीटरपेक्षा कमी माल उरला असेल तर नवे घाला, कारण लाल धूळ आणि दव मिळून ते एका घाटात संपवतात. मी एकदा कासहून बामणोलीला असाच उतरलो होतो. निम्म्यातच पॅडचा लोखंडी आवाज सुरू झाला आणि उरलेला सगळा उतार चालत गेलो.

पाटणला जेवा. पुढे कराडपर्यंत कोयनेकाठानं चिपळूणचा महामार्ग आहे. वाहतूक मोठी, आनंद कमी. पाय शिल्लक असतील तर दुपारी चालवा. दिवस कलला असेल तर टेम्पो बघा, त्यात कमीपणा नाही. कराड स्टेशन ओगलेवाडीला आहे, गावाच्या पलीकडच्या टोकाला.

कास का नाही सुचवलं, असं तुम्ही विचारालच. यवतेश्वरचा घाट चढून कास हा रस्ता सुंदर आहे, पण तो डांबरी आहे, आणि ज्यासाठी लोक येतात त्या फुलांच्या दिवसांत तिथे सायकलचं काम नाही. यात मला जरा जास्त बोलू द्या. कासचा सडा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेला, आणि तिथली फुलं उभी आहेत ती कातळावरच्या मातीच्या पातळ थरावर. काही बोटं जाडीच्या त्या थरात सीतेची आसवं उगवतात, किडे खाणारी दवबिंदू उगवते, सात-सात वर्षांनी टोपली कारवी फुलते. त्या ओल्या मातीवरून एक टायर गेला की चर पडतो, चरातून पाणी वाहतं, पाण्याबरोबर माती जाते, आणि खालचा उघडा पडलेला कातळ पुन्हा झाकायला किती वर्षं लागतील याचा नेम नाही. चाळकेवाडीच्या सड्यावरही हीच झाडं आहेत, फक्त तिथे तिकीट नाही. म्हणून सड्यावर कुठेही आखलेल्या चाकोरीबाहेर चाक घालू नका. छायाचित्रासाठीसुद्धा नाही. सायकल रस्त्यावर ठेवा आणि पायी जा, कातळावर पाय देत.

जंगलाबद्दलही असंच स्पष्ट. पाटणच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि सांगली जिल्ह्याच्या कोपऱ्यातलं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि नकाशावर तिथे दिसणाऱ्या जुन्या गाडीवाटा सायकलसाठी मोकळ्या नाहीत. गाव उठून गेलेल्या वाटेवर आता गव्यांचा हक्क आहे. मी सुचवलेला मार्ग जंगलाच्या कडेनं जातो आणि तेवढंच पुरेसं आहे. गवा कडेलाही भेटतो, बिबट्याही असतोच. सूर्य उगवून अर्धा तास झाल्यावर निघा आणि पाचच्या आत मुक्कामी पोचा. त्या दिवसांत सहाला अंधारायला लागतं. झाडीतल्या आंधळ्या वळणावर घंटी वाजवा. गवा रस्त्यात दिसला तर लांब थांबा, त्याला जाऊ द्या, पिल्लू मागे राहिलं नाही ना ते बघा आणि मगच निघा. उतारावर वेगात त्याच्या जवळ जाऊन पोचणं हीच सगळ्यात वाईट वेळ. धनगरांची कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका, उतरा, ती मध्ये धरा आणि मालकाला हाक द्या. आग्या मोहोळ दिसलं तर बोलणंही बंद करून पुढे सरका.

ऋतू एव्हाना कळला असेल. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. जून ते सप्टेंबर धुकं, शेवाळ आणि न दिसणारे खड्डे. मार्चनंतर पाणी नाही, आणि डोंगरांना वणवे लागतात. वारा येतोय त्या दिशेला धूर दिसला तर त्या बाजूची वाट सोडा. नोव्हेंबरचा मला आवडणारा एक गुण म्हणजे भात आणि नाचणीची काढणी. वाड्यांजवळ रस्त्यावरच कणसं वाळत घातलेली असतात. त्यांवरून चाक नेऊ नका, उतरून कडेनं ढकलत जा, आणि दोन शब्द बोला. जेवायला थांबा म्हणणारी घरं मला अशाच वेळी भेटली आहेत.

निघण्याआधी तुमच्याकडे तयारीला महिना असेल तर तो सांगलीतच वापरा. मिरजेजवळ भोसे गावचा दंडोबा डोंगर आहे. तिथल्या झाडीतल्या वाटांवर दोन-तीन सकाळी घालवा, फक्त उतरायचं शिका. पायडल समांतर, गुडघे सैल, बूड खोगिरावरून बोटभर वर, नजर चाकापुढे नाही तर दहा-पंधरा मीटर लांब. मग एक पूर्ण दिवस देवराष्ट्र्याला जा आणि सागरेश्वराच्या डोंगराला बाहेरून वळसा घाला. कालव्याकडेच्या रस्त्यांनी बराच भाग कच्च्यानं होतो. ऊसतोडीचे दिवस असतील तर दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरना पूर्ण रस्ता द्या. त्यांना थांबता येत नाही आणि मागची ट्रॉली वळणावर आत येते. या दिवशी दोन दिवसांचं सगळं सामान सायकलवर लादून न्या. काय खडखडतं, काय पडतं, कुठला पट्टा सुटतो हे घराजवळ कळलेलं बरं.

एकटीनं जावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. पहिल्या वेळी सोबत घ्या. वनकुसवड्याच्या पठारावर आणि पाटणच्या उतारावर बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, आणि मनगट मुरगळलं तरी एकट्या माणसाला सायकल ढकलत वस्ती गाठायला दोन तास लागू शकतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, मुक्कामाच्या घरी पुढची वाट सांगून निघा, आणि पाटणला पोचलात की त्यांना एक फोन करा. ती माणसं संध्याकाळपर्यंत वाट बघत असतात.